टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे? डिजिटल सहीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑफिसातला कागद कमी करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या मेलमध्ये पुन्हा पुन्हा एकच विषय निघाला, तो म्हणजे सही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, कुठलं सेफ, कोर्टात चालेल ना. त्यातले काही प्रश्न निवडून उत्तरं देतेय. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

ताई नमस्कार, मी चाकणला एका साठ-सत्तर जणांच्या कंपनीत एचआरला आहे. ऑफर लेटर, एनडीए (गुप्ततेचा करार), व्हेंडरचे करार सगळं आता ऑनलाइन सही करून घ्यायचं ठरलंय. डॉक्युसाइन, झोहो साइन, लीगॅलिटी, अॅडोबीचं असे डेमो बघायचेत. सगळेच म्हणतात आमचं पूर्ण सिक्युअर आणि लीगल. मी नक्की विचारू काय?

डेमोतल्या स्क्रीनवर फार जाऊ नका. प्रत्येकाकडे ट्रायल अकाउंट मागा, त्यातून एक खरी सही करून घ्या, ती पीडीएफ डाउनलोड करा आणि आपल्या कॉम्प्युटरवर अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून सिग्नेचर पॅनल बघा. सगळं तिथेच कळतं. पॅनलमध्ये काहीच नसेल तर ती सही म्हणजे नुसतं चित्र आहे, ते सॉफ्टवेअर तिथेच बाद. पॅनलमध्ये सॉफ्टवेअर कंपनीचंच नाव दिसलं तर याचा अर्थ कागद नंतर बदलला नाही एवढी हमी त्या कंपनीच्या सर्टिफिकेटने मिळतेय, पण सही करणारा माणूस तोच होता याचा आधार फक्त ईमेलची लिंक, ओटीपी आणि सोबत जोडलेला ऑडिट ट्रेल, म्हणजे किती वाजता कुठल्या आयपी अॅड्रेसवरून काय क्लिक केलं त्याची नोंद. आणि पॅनलमध्ये तुमच्या कर्मचाऱ्याचं स्वतःचं नाव आणि खाली भारतातल्या लायसन्स असलेल्या सर्टिफाइंग ऑथॉरिटीचं, म्हणजे सहीची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेचं, नाव दिसलं तर ती आयटी अॅक्टमधली, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातली सही.

कायदा थोडक्यात सांगते कारण सेल्सवाले इथेच गोल गोल बोलतात. आयटी अॅक्ट २००० चा. त्याच्या कलम ३ मध्ये डिजिटल सही आहे, म्हणजे यूएसबी टोकनवाली; टोकन म्हणजे पेन ड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू, जिच्यात सहीची गुप्त डिजिटल चावी असते. २००८ च्या दुरुस्तीत कलम ३अ आलं आणि त्याखाली २०१५ मध्ये आधारवरची ई-साइन आली. कायद्याने सही म्हणून थेट मान्यता या दोन प्रकारांना आहे. मग ईमेल लिंकवर क्लिक करून केलेली सही फुकट जाते का, तर नाही. कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो रद्द ठरत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या केसमध्ये नुसत्या ईमेलवर ठरलेला व्यवहारसुद्धा करार म्हणून धरला होता. फरक पडतो तो समोरचा उद्या म्हणाला की ही सही माझी नाहीच तेव्हा, कारण मग सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं आणि हातात फक्त तो ऑडिट ट्रेल असतो.

म्हणून माझं मत असं, की ऑफर लेटर, रजेचे फॉर्म, पॉलिसी वाचल्याची पोच याला साधी लिंकवाली सही चालते, पण व्हेंडरचे करार, गॅरंटी, कर्जाऊ अॅडव्हान्स, आणि एनडीए जर खरोखर भांडायची वेळ येऊ शकते असा असेल तर आधार ई-साइन किंवा टोकनच घ्या. तुमच्या आकाराच्या कंपनीला दोन्ही चालतील असं भारतीय सॉफ्टवेअर सोयीचं पडतं. परदेशी क्लायंट जास्त असतील तर डॉक्युसाइन किंवा अॅडोबी, तिथल्या लोकांना ते ओळखीचं असतं. मात्र आधार ई-साइन आणि यूएसबी टोकन तुम्ही घेणार त्याच प्लॅनमध्ये आहे का हे लेखी घ्या, तोंडी नको.

आधार ई-साइनची एक गोष्ट मला मनापासून आवडते. ओटीपी टाकला की तेवढ्यापुरती चावी तयार होते, सर्टिफिकेट फक्त ३० मिनिटांचं असतं, सही झाली की चावी पुसून टाकतात. म्हणजे नंतर कुणी चोरायची म्हटली तर चोरायला काही उरतच नाही. पण त्यामुळे सगळी भिस्त आली मोबाइलवर, म्हणून जॉइनिंगच्या गडबडीत एचआरने कर्मचाऱ्याला फोन करून 'ओटीपी सांग रे पटकन' म्हणायचं नाही, तो ओटीपी म्हणजेच त्याची सही आहे. आणि ज्याला आधार वापरायचं नाही त्याला दुसरा पर्याय ठेवा, जबरदस्ती करू नका.

आता सुरक्षेचं. एक टेस्ट घरीच करता येते. सही झालेली पीडीएफ कुठल्याही एडिटरमध्ये उघडायची, पगाराच्या आकड्यातलं एक शून्य वाढवायचं, सेव्ह करायचं आणि परत रीडरमध्ये उघडायचं. सही करताना त्या फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीने ठसा काढलेला असतो, एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाही, त्यामुळे रीडरने ओरडायलाच पाहिजे. काही एडिटर मूळ फाइलला हात न लावता बदल शेवटी जोडतात, तेव्हा पॅनलमध्ये सही केलेली आवृत्ती वेगळी उघडून बघायची सोय असते ती वापरा. आणि रीडर कायम अपडेटेड ठेवा, कारण २०१९ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पीडीएफ रीडर तपासले त्यातल्या २१ रीडरमध्ये बदललेल्या फाइलवरचीही सही खरी म्हणून दाखवता आली होती. नंतर दुरुस्त्या आल्या, पण त्या अपडेट करणाऱ्यालाच मिळतात.

मग विचारा की टाइमस्टॅम्प, म्हणजे सहीच्या वेळेचा शिक्का, आणि एलटीव्ही आहे का. सर्टिफिकेटची मुदत संपते पण करार पाच वर्षांनी काढावा लागतो, तेव्हा सही केली त्या दिवशी सर्टिफिकेट चालू होतं आणि रद्द झालेलं नव्हतं याचा पुरावा त्याच फाइलमध्ये बसवलेला असला पाहिजे, एलटीव्ही म्हणजे तेच. आणि सबस्क्रिप्शन बंद केलं तर आमच्या फाइली आणि ऑडिट ट्रेलचं काय होणार, हे विचारा. ड्रॉपबॉक्स साइनचं २०२४ मधलं प्रकरण मुद्दाम सांगते. एप्रिलमध्ये त्यांच्या सिस्टिममध्ये घुसखोरी सापडली, ग्राहकांचे ईमेल, फोन नंबर, हॅश केलेले (सांकेतिक रूपातले) पासवर्ड, एपीआय की (सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायच्या चाव्या) असं सगळं बाहेर गेलं, आणि ज्यांनी कधी अकाउंटच काढलं नव्हतं, नुसतं कुणीतरी पाठवलेल्या कागदावर सही केली होती, त्यांचीही नावं आणि ईमेल त्यात होते. तुमच्या कर्मचाऱ्यांचं तेच असतं, ते ग्राहक नसतात पण माहिती त्यांची असते. म्हणून टू-फॅक्टर लॉगिन सक्तीचं, अॅडमिन दोनच, आणि पूर्ण झालेला प्रत्येक कागद ऑडिट ट्रेलसकट आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवायचा.

स्टॅम्पचं विसरू नका. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डही दस्तऐवजात धरलाय, ऑनलाइन सही केली म्हणून स्टॅम्प ड्युटी सुटत नाही. आणि पूर्वी जिथे १०० चा स्टॅम्प चालायचा तिथे ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच ठिकाणी ५०० लागतात.

मी इचलकरंजीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेडमध्ये डायरेक्टर आहे. माझं डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) टोकन पहिल्यापासून सीएच्या ऑफिसातच असतं. परवा गेलो तर तिथल्या मुलाने ड्रॉवर उघडला, त्यात रबर लावलेली टोकनची चळत, प्रत्येकावर चिकटपट्टी, त्यावर कंपनीचं नाव आणि खाली पिन. मला जरा कसंतरीच झालं. पण साहेब फार जुने आणि विश्वासाचे आहेत, मागायचं तरी कसं?

मागा. आजच मागा. यात साहेबांवर अविश्वास वगैरे काही नाही, तसं त्यांना सांगूनच मागा. त्या ड्रॉवरला हात लावणारे साहेब एकटे नसतात, तिथे सतत बदलणारे आर्टिकलशिपचे विद्यार्थी असतात, संध्याकाळी झाडलोट करणारा माणूस असतो. टोकन आणि पिन एकत्र मिळालं की तुमच्या नावाने कंपनीचा फॉर्म भरता येतो, डायरेक्टर बदलता येतो, आणि रेकॉर्डवर ती सही पूर्णपणे तुमचीच दिसते. नंतर तुम्ही म्हणालात मी केली नाही, तर पहिला प्रश्न येणार की मग टोकन दुसऱ्याकडे दिलंत कशाला. आयटी अॅक्टच्या कलम ४२ मध्ये सरळ लिहिलंय की आपली खासगी चावी सांभाळायची जबाबदारी सर्टिफिकेट ज्याचं आहे त्याची, आणि ती दुसऱ्याच्या हाती लागली तर सर्टिफाइंग ऑथॉरिटीला लगेच कळवायचं. दुसऱ्याची सही लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण ते सगळं प्रकरण घडल्यानंतरचं.

वाईट याचं वाटतं की टोकन बनवणाऱ्यांनी एवढी काळजी घेतलेली असते. ते नुसतं पेन ड्राइव्ह नाही. चावी त्या चिपच्या आतच तयार होते आणि बाहेर कॉपी करता येत नाही, सही करायची ती चिप आत करते आणि फक्त उत्तर बाहेर देते, पिन ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. सर्टिफिकेट द्यायच्या आधी तुमचा व्हिडिओ घेतात. २०२१ च्या १ जानेवारीपासून क्लास २ हा कमी कडक तपासणीचा प्रकार बंद करून फक्त क्लास ३ ठेवला. आणि एवढं सगळं करून आपण पिन चिकटपट्टीवर लिहितो, तोही कित्येकदा कंपनीने दिलेला मूळ १२३४५६७८ च असतो.

तर आता करायचं काय. टोकन परत आणा, सॉफ्टवेअर उघडून पिन बदला. मग एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) आणि जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन करून गेल्या काळात तुमच्या सहीने काय काय भरलंय ते एकदा बघून घ्या. एखादा फॉर्म ओळखीचा वाटला नाही तर लगेच सर्टिफिकेट रिव्होक, म्हणजे रद्द करायचं आणि नवीन घ्यायचं, नवीन घेतलं की प्रत्येक पोर्टलवर ते परत रजिस्टर करावं लागतं हे लक्षात ठेवा, नाहीतर नेमकं रिटर्नच्या शेवटच्या तारखेला अडतं. रोजच्या कामाचं म्हणाल तर कंपनीचे फॉर्म सीए तयार करून पाठवू शकतात, तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर वाचून सही करायची आणि फाइल परत पाठवायची. जीएसटीसाठी तर रीतसर मार्ग आहे, ज्या माणसाने सही करावी असं वाटतं त्याला ठराव करून ऑथोराइज्ड सिग्नेटरी करा, तो स्वतःच्या डीएससीने सही करेल, तुमच्या नाही. एनीडेस्कसारख्या, दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर दुरून चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्क्रीन देऊन पिन टाकू नका.

चांगल्या सीएला याचा राग येत नाही, उलट त्यांच्याही डोक्यावरचा भार कमी होतो, कारण उद्या काही झालं तर पोलिस पहिले त्या ड्रॉवरपाशीच येणार.

आमच्या साहेबांची सही स्कॅन करून ठेवलीय, आम्ही ती वर्डमध्ये टाकून पीडीएफ करतो आणि पाठवतो. गेली कित्येक वर्षं असंच चाललंय. हे डिजिटल सहीच झालं ना? (नांदेड)

नाही झालं. ते चित्र आहे, आणि ज्याच्याकडे ती पीडीएफ पोचली त्या प्रत्येकाकडे आता साहेबांच्या सहीचं चित्र आहे, तो ते कापून दुसऱ्या कुठल्याही पत्रावर लावू शकतो. मीटिंगची नोटीस वगैरेला ठीक आहे, पण पैशाचं, नेमणुकीचं, अनुभवाच्या दाखल्याचं काही असेल तर बंद करा. १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष अधिनियम लागू झालाय त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे वर सांगितलेला तो ठसा, लिहायची जागा आहे, म्हणजे कोर्टाला आता नेमकी कुठली फाइल हे विचारायचंय, प्रिंट कशी दिसते हे नाही.

त्याच पत्रात मृत्युपत्राबद्दलही विचारलंय. मृत्युपत्र, ट्रस्ट आणि साधं मुखत्यारपत्र आयटी अॅक्टच्या पहिल्या अनुसूचीत वगळलेलं आहे, तिथे डिजिटल सही चालत नाही. मृत्युपत्र कागदावर, शाईने, दोन साक्षीदारांसमोर.

ऑनलाइन काढलेला डिजिटल सहीचा सातबारा बँकेत दिला, तर तिथल्या ऑफिसरने स्क्रीनवर पिवळं प्रश्नचिन्ह दाखवून परत पाठवला, म्हणाले सही व्हॅलिड नाही. सातबारा खोटा आहे का? (बारामती)

बहुतेक खोटा नाही. पिवळं प्रश्नचिन्ह म्हणजे सही चुकीची नाही, तर तुमच्या रीडरला सही देणाऱ्याची ओळख नाही. कागद बदललेला असेल तर चिन्ह वेगळं येतं, लाल फुली. भारतातल्या सगळ्या सर्टिफिकेटचं मूळ असतं कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजकडे, आणि 'सीसीए इंडिया' नावाचं ते मूळ सर्टिफिकेट त्या कॉम्प्युटरवर विश्वासाच्या यादीत नसलं की रीडर म्हणतो मला माहीत नाही.

सहीवर राइट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग सर्टिफिकेट दाखवा, ट्रस्ट या टॅबमध्ये जाऊन त्याला विश्वासाच्या यादीत टाकायचं आणि परत व्हॅलिडेट करायचं, की हिरवी टिक येते. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मधली एक पायरी सगळे सोडतात आणि तीच महत्त्वाची आहे. यादीत टाकायच्या आधी त्या साखळीत सगळ्यात वर कोण आहे ते बघा. वर सीसीए इंडिया असेल आणि त्याचा थंबप्रिंट, म्हणजे सर्टिफिकेटचा ठसा दाखवणारा लांब नंबर, सीसीएच्या सरकारी वेबसाइटवरच्या सर्टिफिकेटशी जुळत असेल तरच टाका. कारण महसूल अधिकारी असं नाव लिहिलेलं सर्टिफिकेट घरबसल्या कुणीही स्वतःच तयार करू शकतं, आणि तुम्ही डोळे झाकून ट्रस्ट दाबलंत तर त्यालाही हिरवी टिकच येणार. बँकेतल्या ऑफिसरला सांगा की टिक नको बघू, सातबाऱ्यावर पडताळणीचा नंबर असतो तो महाभूमीच्या साइटवर टाकून बघा. १५ रुपयांचा कागद आहे, तो तपासायला त्यांना दोन मिनिटं लागतील, आणि शेतकऱ्याची एक फेरी वाचेल.

आमची छोटी संस्था आहे, दरमहा पैसे भरणं जमणार नाही. फुकटात सुरक्षित काही आहे का? (सावंतवाडी)

आहे की. टोकन विकत घ्यावं लागेल, तेवढा खर्च धरा, पण सही करायला अॅक्रोबॅट रीडर फुकट आहे, लिबरऑफिसमध्ये पीडीएफवर सही करता येते, जेसाइनपीडीएफ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे त्यात एकावेळी खूप फाइलींवर सही होते. महिन्याला पाच-दहा कागद असतील तर यापलीकडे काही लागत नाही. डॉक्युसील, डॉक्युमेन्सो अशी स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचीही मिळतात, पण ती तेव्हाच घ्या जेव्हा अपडेट आणि बॅकअप बघणारा माणूस संस्थेत खरोखर असेल. तसा माणूस नसताना बसवलेला सर्व्हर हा महिन्याच्या सबस्क्रिप्शनपेक्षा महाग पडतो. आणि 'फ्री पीडीएफ साइन' म्हणून गुगलवर सापडणाऱ्या अनोळखी साइटवर सभासदांचे कागद अपलोड करू नका, कृपा करून नका.

मी जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करतो. नवीन कंपनीने दोन वर्षांचा करार ऑनलाइन सहीला पाठवलाय. आणि आधीच्या कंपनीचा राजीनामा मेलने दिला तर चालेल का?

राजीनामा मेलने अजिबात देऊ नका. जर्मन नागरी कायद्याच्या कलम ६२३ प्रमाणे नोकरी संपवायची नोटीस, तुम्ही द्या किंवा कंपनी देऊ दे, कागदावर शाईच्या सहीनेच लागते, तिथे इलेक्ट्रॉनिक रूप स्पष्टपणे वगळलंय. प्रिंट काढा, सही करा, पोच घ्या.

ठरावीक मुदतीच्या करारात मुदतीची अट लेखी हवी. तिथे इलेक्ट्रॉनिक सही चालते पण ती युरोपच्या आयडास नियमातली सगळ्यात वरच्या दर्जाची, क्वालिफाइड, असावी लागते. नुसत्या क्लिकवर झाली तर मुदतीची अट टिकत नाही आणि नोकरी बेमुदत धरली जाते, म्हणजे नुकसान कंपनीचं, तुमचं नाही. भारतातलं डीएससी असेल तर ते तिथे क्वालिफाइड धरत नाहीत, ते लावू नका.

टेंडर भरणारे आमचे मॅनेजर नोकरी सोडून गेले. त्यांचं डीएससी कंपनीच्या नावाचं होतं, टोकन आमच्याकडेच आहे आणि मुदत अजून वर्षभर आहे. तोपर्यंत वापरू का? (नाशिक)

वापरू नका. सर्टिफिकेटमध्ये संस्थेचं नाव असलं तरी सही त्या माणसाची आहे, आणि तो आता तुमच्याकडे नाही. उद्या टेंडरवर हरकत आली तर समोरचा हेच काढणार की सही करणारा त्या तारखेला कंपनीत नव्हताच. सर्टिफाइंग ऑथॉरिटीला कळवून ते रिव्होक करा, नवीन माणसाच्या नावाने घ्या, आणि घेताना सही आणि एन्क्रिप्शन दोन्हीचा कॉम्बो घ्या कारण टेंडर पोर्टलवर बोली बंद करून पाठवायला तो लागू शकतो. जुनं एन्क्रिप्शन सर्टिफिकेट असलेलं टोकन मात्र फॉरमॅट करू नका. त्या चावीने बंद केलेल्या फाइली तिच्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून चालू टेंडरचा निकाल लागेपर्यंत ते तिजोरीत ठेवा आणि कुणी ठेवलं त्याची रजिस्टरला नोंद करा. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवर जुन्या माणसाचं लॉगिन आणि मोबाइल नंबर अजून तसाच असेल, तोही आजच बदलून घ्या.